एक्केचाळीस टॅब

अभिनंदन यांच्या फोनमध्ये दोन हजार तीनशे सोळा टॅब उघडे होते आणि ते सगळे मला तीन दिवसांत वाचवायचे होते. फोन सात वर्षांचा. बॅटरी फुगून त्याची पाठ उचलली होती. वीस मिनिटं चालवला की तव्यासारखा तापायचा आणि आपला आपण बंद पडायचा. पुन्हा सुरू केला की त्यातले दोन-चार टॅब गेलेले असायचे, आणि कुठले गेले ते सांगायची त्याला गरज वाटत नसे. मी त्याच्याखाली बर्फाची पिशवी ठेवली, वरून टेबलफॅन सोडला आणि समोर ठाण मांडून बसले. आतल्या खोलीत नवरा अंथरुणावर होता आणि बाहेर मी त्याच्या फोनला वारा घालत होते.

आमचे हे मोजणी खात्यात भूकरमापक. माणूस शिस्तीचा, पण फोनमधला टॅब बंद करायचा नाही म्हणजे नाही. मी कितीदा म्हटलं असेल, अहो, त्या फोनचा उकिरडा केलाय तुम्ही. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "ज्याचा निकाल लागला ते मी बंद करतो. उरलीत ती चालू प्रकरणं." आयुष्यभर भावाभावांच्या वाटण्या मोजून त्यांना ती सवयच लागली होती. घ्यायचा की नाही हे न ठरलेला मिक्सर, दाखवायचा की नाही हे न ठरलेला गुडघा, शिकायची की नाही हे न ठरलेली कानडी, सगळं उघडं. ब्राउझरसुद्धा शंभराच्या वर गेलं की आकडा दाखवायचं सोडून देतो. खरा आकडा मला नंतर मिरजेच्या डॉक्टरांच्या यंत्राने काढून दिला.

डॉक्टरांपर्यंत जायची वेळ का आली, तर तासगावजवळ एका द्राक्षबागेत मोजणी चालली होती. उपग्रहावरून हद्दी ठरतात हल्ली, पण खूण कुठे रोवायची हे अजून माणूसच बघतो. खूण बघत मागे मागे सरकताना अभिनंदन बांधावरून घसरले आणि डोकं ठिबकच्या सिमेंटच्या चौथऱ्यावर आपटलं. दोन दिवसांनी शुद्धीवर आले. मला ओळखलं, आक्कांना, म्हणजे त्यांच्या मोठ्या बहिणीला, ओळखलं. घरी आणलं तेव्हा मात्र दारातच थबकले.

"त्रिशला, हा रंग कधी दिला?"

रंग देऊन अकरा महिने झाले होते. रंगाऱ्याशी भांडण त्यांनीच केलं होतं. एकेक विचारत गेलो तसं कळलं की मागचे चौदा महिने त्यांच्या डोक्यातून साफ गेलेत.

मिरजेच्या मेंदू-उपचार केंद्रात डॉ. रेहाना मुजावर भेटल्या. वयाने माझ्याहून लहान, बोलायला स्पष्ट. त्यांनी समजावलं ते असं. आपण एखादी गोष्ट लक्षात ठेवतो तेव्हा ती एकटी राहत नाही. आधी काय वाचलं, नंतर कशाकडे वळलो, तेव्हा समोर काय होतं, हे सगळं तिच्याबरोबर बांधलेलं असतं. जुन्या शाळेच्या वर्गात पाऊल टाकलं की बाकावरचा शेजारी आठवतो तो त्यामुळेच. डोक्याला मार लागून गेलेली आठवण पुष्कळदा आतच असते, तिच्याकडे जायची वाट तेवढी बुजलेली असते. आणि आजच्या माणसाची वाट त्याच्या फोनमध्ये असते.

गेली काही वर्षं ब्राउझर प्रत्येक उघड्या टॅबबरोबर बरंच काही जपून ठेवतो. पान कुठल्या दिवशी उघडलं, कुठल्या ओळीवर थांबलं, बोट किती वेगाने सरकलं, कुठे अडखळलं, कितीदा माघारी आलं. जाहिरातवाल्यांसाठी सुरू झालेली ही हेरगिरी मेंदूच्या डॉक्टरांच्या कामी आली. पेशंटच्या डोक्यावर संवेदकांची टोपी चढवायची आणि तीच पानं, त्याच क्रमाने, त्याच वेगाने त्याच्या डोळ्यांपुढून न्यायची. मेंदूत ओळखीची लहर उमटली की टोपी त्याच क्षणी चुंबकाचा हलका धक्का देते आणि ती वाट थोडी रुळते. याला पुनर्वाचन म्हणतात.

"सगळ्या पानांचे पत्ते उतरवून आणू का?" मी विचारलं.

"नको. पत्ता मला पण सापडेल. त्यांनी पान जसं सोडलं होतं तसंच्या तसं हवंय. एकदा नव्यानं उघडलं की जुन्या खुणा गेल्या. आणि त्यांना स्वतःला यातलं काही बघू देऊ नका. वेडंवाकडं कसंही बघितलं तर वाट आणखी बिघडेल."

सगळे टॅब एका दमात उचलायचा प्रयत्न त्यांच्या माणसांनी केला आणि फोन गचकला. म्हणून पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे करून, एकेक तपासून सुरक्षित पेटीत टाकायचे, हे काम माझ्याकडे आलं, तेही चौथ्या दिवशीच्या पहिल्या बैठकीआधी. अभिनंदननी संमतीच्या कागदावर सही केली. "बघ बाई. माझ्या फोनात काय असणार," असंही म्हणाले.

"आणि थोडे गळाले तर?" मी डॉक्टरांना विचारलं होतं.

"इकडचे तिकडचे गेले तर चालतं. सलग जाऊ देऊ नका. मेंदूला रिकामी जागा सोसत नाही, तो तिथं आपलं काहीतरी भरतो. आणि ते खऱ्यापेक्षा ठसठशीत असतं. दुसरं म्हणजे नव्वद दिवस. पहिल्या बैठकीपासून नव्वद दिवसांत जे बसलं ते बसलं. मग साखळी घट्ट होते, मधे काही घालता येत नाही."

मी मान डोलावली. मला हे सगळं फार ओळखीचं वाटलं, कारण माझा धंदाच तो आहे.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. चार दिवसांचं शूटिंग मशीन आता अर्ध्या तासात लावून देतं, संगीतसुद्धा तेच चढवतं. पण रुसवा मशीनला कळत नाही. वरमाईने मानपानावरून फिरवलेली मान, मुलीच्या काकांनी ताट सरकवून दिलं तो क्षण, हे ओळखायला माणूस लागतो. ते मी कापते आणि तिथे तोरणाचा नाहीतर समईचा शॉट टाकते. सांधा दिसत नाही. सांगली जिल्ह्यात हे माझ्याइतकं सफाईने कुणी करत नाही, आणि हे मी जरा गर्वानेच सांगते.

पहिले दोन दिवस मजेत गेले. मुतखड्यावर सातूचं पाणी. दात पडल्याचं स्वप्न पडलं तर काय होतं. तुळशीवरच्या मुंग्या. कानडीतले एक ते वीस आकडे, चार वेगवेगळ्या ठिकाणचे. मला एकटीला हसू यायचं. वीस वर्षांचा संसार झाला तरी या माणसाला दाताच्या स्वप्नाची भीती वाटते हे मला माहीत नव्हतं. फोन तापला की थांबायचं, गार झाला की पुन्हा बसायचं, आणि मधल्या वेळात जीव टांगणीला लावून येरझाऱ्या घालायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसतराशेच्या पुढे गेले. जूनमधल्या एका सोमवारपासून टॅबांची जातच बदलली.

जयसिंगपूरला एकट्या माणसासाठी भाड्याची खोली. विनंती बदलीचा अर्ज. पुन्हा खोली, दुसरी, गॅलरी असलेली. परस्पर संमतीने घटस्फोट, लागणारी कागदपत्रं. पंचेचाळिशीनंतर वेगळी झालेली माणसं आणि त्यांचे अनुभव. आणि एक पान होतं, एका माणसाला भात किती लावावा.

मी खुणा पाहिल्या. घटस्फोटाच्या पानावर ते अडीच मिनिटं होते. भाताच्या पानावर अकरा वेळा आले होते. घटस्फोटाचं एक वेळ मी समजून घेतलं असतं, कागद वाचायची सवय आहे त्यांना. पण तो भात मला सहन झाला नाही. एक वाटी तांदूळ घेऊन एकटा उभा असलेला माणूस मला दिसायला लागला आणि मी फॅन बंद करून रडले.

एकोणीस दिवस आणि एक्केचाळीस टॅब, सगळे सलग. त्यानंतर पुन्हा मिक्सर, गुडघा, पावसाचा अंदाज. आमच्यात भांडण झालेलं मला आठवत नव्हतं. त्या दिवसांत मी काय करत होते, तर लग्नसराईतली तुंबलेली कामं उपसत होते. त्यांनी मला एका अक्षराने काही सांगितलं नव्हतं. आणि आता तर ते त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. बांधावरून पडल्यामुळे जे आपोआप कापलं गेलं ते मी होऊन परत का जोडू, असा विचार मी केला. खरं सांगते, फार वेळ केलाच नाही. हात सवयीने चालला. एक्केचाळीस टॅब मी वेगळ्या गठ्ठ्यात काढले. पुसले मात्र नाहीत. कापलेला तुकडा फेकायचा नाही हा आमच्या धंद्यातला नियम.

"फोन बंद पडला तेव्हा एक्केचाळीस गेले," मी डॉक्टर मुजावरांना सांगितलं.

"सलग?"

"नाही, इकडचे तिकडचे."

बैठका सुरू झाल्या. दर दोन दिवसांनी आम्ही बिनचालकाच्या रिक्षातून मिरजेला जायचो. पहिल्या आठवड्यात त्यांना मिक्सर आठवला आणि डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या आठवड्यात रंगारी आठवला, त्याने पंचवीस लिटरचा डबा सांगून वीसचा आणला होता तेही आठवलं, आणि अभिनंदन नव्याने चिडले. मी इतकी खूश झाले की त्याच रंगाऱ्याला फोन करून सांगावंसं वाटलं. चौदा महिने हळूहळू परत येत होते. येताना जूनच्या जवळ आले की मी बोलणं दुसरीकडे वळवायचे.

तेहेतिसाव्या दिवशी रिक्षातून परत येताना ते एकदम माझ्याकडे वळून हसले.

"वेळणेश्वर," म्हणाले. "आपण वेळणेश्वरला गेलो होतो की गं. जूनमध्ये. मी विसरलोच होतो."

आम्ही वेळणेश्वरला कधीही गेलेलो नाही.

"वाऱ्यानं तुझी पिवळी छत्री उलटी झाली. तू तिच्या मागं पळालीस वाळूतनं. मी पळालो तर माझ्या बुटात पाणी गेलं, आणि तू हसत खालीच बसलीस. किती हसलीस तू त्या दिवशी."

मी बाहेर बघत राहिले. ती छत्री मला चांगली ठाऊक होती. जूनमध्ये मी एका जोडप्याचं लग्नाआधीचं शूटिंग लावत होते, वेळणेश्वरच्या किनाऱ्यावरचं. उलटी झालेली छत्री, पळणारी मुलगी, बूट भिजलेला मुलगा. तो तुकडा मी शंभर वेळा पुढे-मागे केला असेल. अभिनंदन माझ्या पाठीमागून जाता-येता स्क्रीनकडे बघत असणार. त्यांच्या मेंदूला एकोणीस दिवसांची भेग बुजवायला जवळ जे सापडलं ते त्याने लावलं. माझीच कारागिरी होती ती, फक्त तोरणाच्या जागी छत्री आली होती.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. सत्तावन्न दिवस हातात होते. पण ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते तसं त्यांनी मागच्या पाच-सहा वर्षांत बघितलं नव्हतं, आणि मला ते हवंसं वाटलं.

रविवारी आक्का जेवायला आल्या. अभिनंदननी पहिल्या घासालाच वेळणेश्वर काढलं.

"आणि मला सांगितलं न्हाई व्हय गं?" आक्का माझ्याकडे वळल्या. "समुद्राला गेलासा आणि बहिणीला पत्ता न्हाई."

"घाईत ठरलं, आक्का. दोनच दिवस."

"राहिलासा कुठं?"

अभिनंदननीच उत्तर दिलं. माडाच्या बागेतलं घर, झोपाळा, सकाळी घावणे. त्यातला झोपाळा व्हिडिओत होता. घावणे त्यांनी कुठून आणले कोण जाणे. मी ताटात खाली बघून मान हलवत राहिले आणि आक्कांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "बरं केलंसा. माझा भाऊ लई एकटा एकटा वाटत होता मला मधी."

पुढचे दिवस मी सुखात होते असं कुणालाही वाटलं असतं. ऑफिसला अजून रजा होती. सकाळी चहा करून ते माझ्या टेबलाजवळ आणून ठेवायचे आणि मी प्यायला लागेपर्यंत उभे राहायचे. बाजारातून एक पिवळी छत्री घेऊन आले. "ती जुनी तिथंच राहिली वाटतं," म्हणाले. मी जरा हसले की म्हणायचे, "तिथं हसली होतीस तशी हस की." मी प्रयत्न करायचे. ते बघायचे, आणि त्यांचा चेहरा थोडा उतरायचा. तिच्यासारखं मला जमत नव्हतं. माझं कामात लक्ष लागेना. एका लग्नात मी चुकून कन्यादान कापलं आणि रुसवा ठेवला. मुलीच्या बापाने फोनवर माझी बिनपाण्याने केली.

एक्केचाळीस टॅबांचा गठ्ठा माझ्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात होता. दिवसातून दहादा बाण त्याच्यावर न्यायचे आणि मागे घ्यायचे. साठावा दिवस गेला, सत्तरावा गेला. कधी वाटायचं आणखी वीस दिवस कळ काढली की संपलं, मग हेच खरं. लगेच दुसऱ्या क्षणी घाम फुटायचा.

एक्क्याऐंशीव्या दिवशी मी एका शूटिंगवाल्याशी फोनवर बोलत होते. दुपारचे साडेबारा. "आज भात मी लावतो," असं म्हणून ते स्वयंपाकघरात गेले होते. बराच वेळ काही आवाज येईना म्हणून मी उठून गेले. ओट्यावर पातेलं होतं. त्यात तांदूळ धुऊन घेतलेले. अगदी मोजके, एका माणसाला पुरतील तेवढे. पाणी बोटाच्या पेरावर मापलेलं. अभिनंदन पातेल्याकडे बघत उभे होते.

"मी एवढाच का घेतला?" ते म्हणाले. "आपण दोघं आहोत. हात आपोआप थांबला माझा. त्रिशला, मी कधी एकट्यापुरता भात लावत होतो का?"

हातांची आठवण मेंदूत वेगळ्या जागी राहते. डोकं आपटल्याने ती जात नाही, आणि टॅब लपवल्यानेही जात नाही. हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्या वेळी एवढंच कळलं की त्यांच्या आतलं कुणीतरी दार वाजवतंय आणि मी बाहेरून कडी धरून उभी आहे. माझ्याच्याने आता हे होणार नव्हतं.

"बसा," मी म्हटलं. "मला काहीतरी सांगायचंय."

सगळं सांगितलं. खोली, बदली, घटस्फोट, भात. एक्केचाळीस हा आकडा. छत्री कुणाची तेही. संपल्यावर ते म्हणाले, "मला वेळणेश्वर स्पष्ट दिसतंय. आणि तू सांगतेस ते काहीच दिसत नाही. मी कुणावर विश्वास ठेवू?"

डॉक्टर मुजावरांनी मला पाच मिनिटं उभं करून सुनावलं. पेशंटच्या मेंदूत कात्री चालवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असं विचारलं. मग त्या अभिनंदनकडे वळल्या. "नऊ दिवस आहेत. ही पानं बघितली तर त्रास होईल. नाही बघितली तर जे आहे ते तसंच राहील. निर्णय तुमचा."

"बघतो," ते म्हणाले. "माझीच आहेत ना."

सहा बैठका झाल्या. मला आत जायची परवानगी नव्हती. बाहेरच्या बाकावर बसून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे, दाराकडे आणि पुन्हा घड्याळाकडे बघायचे. पहिल्या तीन दिवसांत त्यांना काहीच आठवलं नाही. चौथ्या दिवशी बाहेर आले आणि रिक्षात माझ्या शेजारी न बसता समोर बसले. सहाव्या बैठकीनंतर, म्हणजे सत्त्याऐंशीव्या दिवशी, घरी आल्यावर ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले आणि मला म्हणाले, "ये, बस."

मी बसले.

"ऑफिसातनं मी आलो की तुझ्याशी बोलायला लागायचो. तू हेडफोन न काढता एक बोट वर करायचीस. म्हणजे एक मिनिट. मी थांबायचो. मग आत जाऊन वाढून घ्यायचो. एक दिवस तू कामासाठी कोल्हापूरला गेली होतीस. मी एकट्यापुरता भात केला आणि जेवलो. आणि त्रिशला, मला काही फरकच वाटला नाही. तू घरात असतानाही तसंच वाटायचं. त्याची मला भीती बसली. त्या दिवसापासून ती पानं उघडायला लागलो, आणि तू बाहेर असलीस की एकट्यापुरता भात लावून बघायला लागलो."

बोट वर केल्याचं मला आठवत होतं. ते किती वेळ वर होतं याचा मी कधी हिशेब ठेवला नव्हता. माझी चूक होती, आणि ती एवढी साधी होती की मला शरमेने मेल्यासारखं झालं.

"जायचं ठरलं होतं का तुमचं?"

"नाही. ठरलं असतं तर टॅब बंद केले असते."

"आणि वेळणेश्वर?"

"ते पण आहे. जाईना. डॉक्टर म्हणाल्या जाणार नाही. आता दोन्ही आठवतंय. एकाच आठवड्यात तू पळत हसतेस पण आणि बोट पण वर करतेस." त्यांनी डोळे चोळले. "मला सांग, परत कशाला दिलंस? नऊ दिवस गप्प बसली असतीस तर संपलं होतं. मी सुखात होतो की."

"तुम्ही होता," मी म्हटलं. "मी नव्हते. तुम्ही माझ्याकडे बघायचात आणि तुम्हाला ती छत्रीवाली दिसायची. मी कधी कुणाच्या मागं वाळूतनं पळाले नाही. मला तिचा मत्सर वाटायला लागला. जयसिंगपूरची खोली बघत होतात तेव्हा निदान मलाच सोडून चालला होतात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. ती नजर वेळणेश्वरची नव्हती. दमलेली होती, रागावलेली होती, आणि माझ्यावरच होती.

"मी ती खोली घेतो," ते म्हणाले. "एक महिना. मला कळंना झालंय काय खरं वाटतंय आणि काय वाटायला पाहिजे. तुझ्यासमोर बसून ते कळायचं नाही."

मी थांबा म्हटलं नाही. म्हणावंसं फार वाटलं, जीभ दाताखाली धरून बसले. एक तारखेला त्यांच्या दोन बॅगा, गादी आणि एक पातेलं मी स्वतः टेम्पोत चढवलं. आक्कांनी मला फोनवर वाटेल ते बोलून घेतलं आणि मी ते ऐकून घेतलं.

सात दिवस काही नाही. घरात मी कामाला बसायचे, उठायचे, दारापर्यंत जायचे, पुन्हा बसायचे. हेडफोन लावले की कुणीतरी मागे येऊन उभं राहिल्यासारखं वाटायचं. वळून बघायचे तर कुणी नसायचं. मग ते लावायचे मी सोडूनच दिले.

आठव्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला.

"कामात आहेस?"

"नाही. बोला."

ते काही बोलेनात. मलाही सुचेना. त्यांच्या बाजूने रेल्वे गेल्याचा आवाज आला, माझ्या खिडकीखालून भंगारवाला ओरडत गेला. फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही.